सुवासाचा सल

वसईच्या वाडीत जन्मलेल्या माणसाला सुवासाचे अप्रूप नसते. पहाटेच्या अंधारात सोनचाफ्याच्या कळ्या खुडल्या जात, ओल्या फडक्यात मोगरा बांधला जाई आणि उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन आमच्याकडच्या बायका दादरच्या फुलबाजाराची वाट धरीत. आम्ही उभयतां अशाच घरांत वाढलो. ज्याला चांगला वास येतो ते चांगले आणि जे झाडाच्या फांदीवरून आले ते निर्दोष, अशी एक साधी समजूत त्या वातावरणाने आमच्या मनात नकळत रुजविली होती. ती समजूत कधी तपासून पाहावी असे आम्हांला आयुष्याची साठ वर्षे वाटले नाही. ती तपासण्याची वेळ आली तेव्हा त्याची किंमत मात्र आम्ही नव्हे, दुसऱ्याच कुणीतरी मोजलेली होती. त्याच हकिकतीचे हे निवेदन आहे.

शाळेच्या नोकरीतून दोघेही निवृत्त झाल्यावर हाताला काही उद्योग असावा म्हणून आम्ही घरच्या घरी मलम तयार करण्यास शिकलो. घरचे खोबरेल तेल, थोडे मधमाश्यांचे मेण आणि त्यात सुवासासाठी वनस्पतींचे अर्क. लव्हेंडर, गवती चहा, लिंबाची साल, टी ट्री अशा चार तेलांच्या लहान बाटल्या आम्ही आणल्या. २०२२ च्या डिसेंबरात धर्मग्रामातील वृद्धांच्या मदतनिधीसाठी मेळावा भरला, तेव्हा आम्ही चाळीस डब्या भरून मांडल्या. प्रत्येक डबीवर आम्ही स्वहस्ते चिठ्ठी चिकटविली होती : ‘संपूर्ण नैसर्गिक. रसायनमुक्त. लहानथोर सर्वांसाठी.’ दुपारपर्यंत टेबल रिकामे झाले. निधीत चांगली भर पडली, लोकांनी कौतुक केले आणि आम्ही तृप्त मनाने घरी परतलो.

आमच्या कुंपणापलीकडे एक मावशी राहतात. वय पासष्टीच्या पुढे. पती निवर्तल्यापासून मोगऱ्याच्या वेण्या आणि गजरे करून त्यांनी दोन मुलांचे शिक्षण केले. अजूनही त्या रोज काही तास फुले गुंफतात. त्यांचे घर त्याच बोटांवर चालते. मेळाव्यातली पहिली डबी आम्ही त्यांना भेट दिली होती. थंडीत त्यांच्या हातांना भेगा पडतात हे आम्हांला ठाऊक होते.

फेब्रुवारीच्या मध्याला लक्षात आले की मावशी अंगणात दिसत नाहीत. रविवारच्या मिस्सेला त्या मागच्या बाकावर, हात पदराखाली झाकून बसल्या होत्या. आम्ही घरी जाऊन विचारले तेव्हा त्यांनी बराच वेळ विषय टाळला. शेवटी हात पुढे केले. बोटे सुजून लाल झाली होती, कातडीवर बारीक फोड येऊन फुटले होते, मनगटापर्यंत खाजविल्याचे ओरखडे होते. पापण्याही सुजल्या होत्या. फुले गुंफणे तीन आठवड्यांपासून बंद होते.

‘‘मावशी, कशावर आहात? काही लावता का?’’ आम्ही विचारले.

‘‘लावते ना, टीचर. तुमचेच मलम लावते. आधी दोनदा लावत होते, आता वाढले म्हणून चारदा लावते.’’ त्यांनी फळीवरची डबी काढून दाखविली. ती जवळजवळ संपली होती.

आमच्या मनात शंकेची पाल चुकचुकली; पण आम्ही ती तेथेच झटकून टाकली, हे येथे प्रांजळपणे लिहिले पाहिजे. घरचे खोबरेल आणि झाडापानांचे अर्क, त्यांनी काय होणार? दोष धुण्याच्या पावडरीचा असेल, फुलांवर मारलेल्या औषधाचा असेल, असे आम्हीच त्यांना समजावले. मावशींनी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा अर्थ आम्हांला पुढे कळला.

आणखी दोन आठवडे गेले. मार्चमध्ये, उपवासकाळात, आम्हीच त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी हात पाहिले, बारकाईने प्रश्न विचारले आणि घरात वापरात असलेल्या सर्व वस्तू घेऊन पुन्हा यावयास सांगितले. नंतर पॅच टेस्ट झाली. ही परीक्षा फार जुनी आहे. योसेफ याडासोन नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने ती १८९५ साली प्रथम मांडली आणि तिचे तत्त्व आजही तेच आहे. संशयित पदार्थांचे अत्यल्प, मोजून पातळ केलेले अंश लहान चकत्यांवर घेऊन पाठीवर चिकटवितात. दोन दिवस पाठ कोरडी ठेवावी लागते. मग चकत्या काढून त्या जागा पाहतात आणि आणखी दोनएक दिवसांनी पुन्हा पाहतात. उशिरा का पाहावयाचे? कारण ही ॲलर्जी शिंकेसारखी तत्काळ येत नाही. ती एक ते तीन दिवस दबा धरून बसते. म्हणूनच आज लावलेल्या मलमाचा दोष माणूस परवा खाल्लेल्या माशांवर टाकतो.

दुसऱ्या वाचनाच्या दिवशी मावशींच्या पाठीवर तीन जागा लाल होऊन उठून आल्या होत्या. पहिली सुवासिक द्रव्यांच्या मिश्रणाची. दुसरी ‘पेरू बाल्सम’ नावाच्या राळेची. तिसरी आमच्या मलमाची. मावशींनी सोबत नेलेल्या मोगऱ्याच्या पाकळ्यांच्या जागी मात्र काहीच उमटले नव्हते.

आम्ही दोघेही भिंतीकडे पाहत राहिलो. मग डॉक्टरांनी मावशींना विचारले, ‘‘मलम लावल्यावर जास्त होते हे तुमच्या ध्यानात आले नाही का?’’ मावशी आमच्याकडे न पाहता हळूच म्हणाल्या, ‘‘आले होते. पण सरांनी आणि टीचरनी एवढ्या मायेने दिले, कसे टाकू? त्यांना वाईट वाटले असते.’’

त्या वाक्याचा सल अजून गेलेला नाही.

त्यानंतर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले, डॉक्टरांना पुन्हापुन्हा विचारले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. कारण आज घरोघरी अशा ‘नैसर्गिक’ डब्या आहेत, आणि त्या भेट देणारे हात आमच्यासारखेच मायेचे आहेत.

आमची पहिली चूक ‘रसायनमुक्त’ या शब्दात होती. लव्हेंडरचे तेल हेच मुळी अनेक रसायनांचे मिश्रण आहे. त्यातला मोठा वाटा लिनालूल नावाच्या द्रव्याचा असतो. लिंबा-संत्र्याच्या सालीत लिमोनिन, गवती चहात सिट्रल, लवंगेत युजेनॉल, गुलाबात आणि रोशा गवतात जिरॅनिऑल, दालचिनीत सिनॅमल. झाडाने बनविलेले लिनालूल आणि कारखान्यात बनविलेले लिनालूल यांचा रेणू एकच. आपल्या कातडीला त्याची जन्मपत्रिका वाचता येत नाही. हे रेणू आकाराने इतके लहान असतात की ते त्वचेच्या वरच्या थरातून आत शिरतात, तेथील प्रथिनांना चिकटतात आणि शरीराचे पहारेकरी या जोडगोळीला परका समजून तिची ओळख मनात ठेवतात. ही ओळख पटण्यास पहिल्या वेळी दहा-पंधरा दिवस लागतात. कधी तोच पदार्थ वर्षानुवर्षे वापरूनही एखाद्या दिवशी अचानक पटते. तोवर काहीच दिसत नाही. पण एकदा ती पटली की शरीर सहसा विसरत नाही. पुढे तो पदार्थ थोडासा लागला तरी खाज, लाली, सूज, फोड. ‘‘इतकी वर्षे वापरते, मग आताच कसे?’’ या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. मावशींच्या कातडीला भेगा होत्या, म्हणजे दार आधीच उघडे होते. आम्ही त्या दारातून पाहुणा आत पाठविला.

दुसरी चूक आमच्या खिडकीत होती. तेलांच्या बाटल्या आम्ही वर्षभर खिडकीच्या फळीवर, उन्हात, अर्ध्या रिकाम्या ठेवल्या होत्या. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले आहे की लिनालूल आणि लिमोनिन ताजे असताना फारसे त्रासदायक नसतात; हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्यांची जी नवी द्रव्ये, हायड्रोपेरॉक्साइडे, तयार होतात ती ॲलर्जी उत्पन्न करण्यात कितीतरी अधिक प्रबळ असतात. टी ट्री तेलाचेही असेच. म्हणजे खोबरेल खवट झाले तर नाक सांगते. पण सुवासिक तेल बिघडले तरी सुवास बहुतेक तसाच राहतो आणि नाक फसते.

तिसरी चूक मापाची. आम्ही शंभर ग्रॅम मलमात साठ थेंब घालीत होतो, का तर वास ‘भरून’ यावा. वीस थेंबांचा सुमारे एक मिलिलिटर धरला तर हे तीन टक्के झाले. त्यातले निम्मे लव्हेंडर आणि त्याचा तिसरा हिस्सा लिनालूल धरले, तर मलमात अर्धा टक्का लिनालूल पडले. युरोपात २००५ पासून असा नियम आहे की ठरावीक २६ सुवासिक द्रव्यांपैकी कोणतेही, अंगावर राहणाऱ्या प्रसाधनात ०.००१ टक्क्याहून अधिक असेल, तर त्याचे नाव बाटलीवर छापलेच पाहिजे. धुऊन टाकावयाच्या साबण-शाम्पूसाठी ही मर्यादा ०.०१ टक्का आहे. ही मर्यादा विषाची नव्हे, केवळ सूचना देण्याची आहे. तरीही आमचे प्रमाण तिच्या सुमारे पाचशेपट होते आणि आमच्या चिठ्ठीवर एकही नाव नव्हते. २०२३ साली त्या यादीत भर घालून ती ऐंशीच्या वर नेण्यात आली आणि त्यात कित्येक नैसर्गिक तेलांचीही नावे आली.

येथे एका गैरसमजाला जागा राहू नये. कारखान्यातले ते वाईट आणि झाडाचे ते चांगले हे जसे खरे नाही, तसेच त्याच्या उलटही खरे नाही. २०१७ साली युरोपने सुवासिक द्रव्यांपैकी तिघांवर बंदी घातली. त्यातले एक मानवनिर्मित होते. उरलेली दोन ओकवृक्षावर वाढणाऱ्या एका शेवाळासारख्या शैवाकाच्या अर्कात निसर्गतःच आढळणारी होती. निसर्ग आणि प्रयोगशाळा दोघेही एकाच बाकावर बसलेले आरोपी होते.

खरे तर आमच्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. बिब्बा उतला म्हणजे काय होते हे जुन्या घरात कुणाला सांगावे लागत नसे. अळू चिरताना हातांना तेल लावले जाई. खाजकुइली काही कारखान्यात तयार होत नाही. १९५०च्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम नोंदले गेलेले गाजर गवत आज देशभर पसरले आहे आणि त्याच्या नुसत्या वाऱ्याने चेहरा-मान काळवंडून खाजणारे शेतकरी त्वचारोगतज्ज्ञांना नित्य भेटतात. शेवंती आणि कॅमोमाइल ही त्याच कुळातली. गाजर गवत बाधते अशा माणसाला तीही बाधू शकतात. लिंबाच्या रसाचे हात घेऊन उन्हात काम केले तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहतात. ती ॲलर्जी नव्हे, रस आणि ऊन यांच्या संगनमताने होणारी इजा आहे, पण गोष्ट निसर्गातलीच. वाडवडील निसर्गावर प्रेम करीत आणि त्याला भीतही. आम्ही बाटलीवरचे हिरवे पान पाहून फक्त प्रेम शिल्लक ठेवले.

पेरू बाल्समच्या नावाने मात्र आम्ही चमकलो. ही राळ खरे तर मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरमध्ये निघते. पूर्वी पेरूच्या बंदरातून युरोपला जात असे म्हणून नाव पेरूचे. दालचिनी आणि व्हॅनिलाची आठवण करून देणारा तिचा वास. पवित्र सप्ताहात महागुरुस्वामी जे अभिषेकाचे तेल आशीर्वादित करतात, त्या क्रिझममध्ये तेलाबरोबर सुगंधी बाल्सम मिसळण्याची परंपरा आहे. जुन्या काळी ते पूर्वेकडचे असे. सोळाव्या शतकात नव्या जगातील बाल्सम त्यासाठी वापरण्यास पोपमहोदयांनी परवानगी दिली. बाप्तिस्म्यात टाळूवर आणि दृढीकरणात कपाळावर टेकणाऱ्या त्या बोटभर तेलाविषयी कुणाच्या मनात भीती घालावी असा आमचा मुळीच हेतू नाही. आम्हांला जाणवले ते वेगळेच. तेथे सुवास थोडा असतो, नेमका असतो, नेमून दिलेल्या हातांनी दिला जातो. आम्ही तो दिवसातून चार वेळा, भेगाळलेल्या हातांवर, मापाशिवाय ओतला होता.

निदान झाले त्याच आठवड्यात आम्ही मेळाव्याची वही काढली. चाळीस डब्या कुणाकुणाकडे गेल्या ते आठवून एक यादी केली आणि संध्याकाळी दोघेही घरोघर निघालो. हे सोपे नव्हते. आयुष्यभर ज्यांच्या मुलांना शिकविले, त्यांच्या ओट्यावर उभे राहून ‘‘आमचे चुकले, ती डबी परत द्या’’ असे म्हणावयाचे. बहुतेकांना हसू आले. ‘‘सर, काही झाले नाही हो, छान मलम आहे!’’ त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. युरोपातील तज्ज्ञसमितीच्या २०१२ च्या अंदाजाप्रमाणे सर्वसाधारण लोकांपैकी शंभरात एक ते तीन जणांनाच सुवासिक द्रव्यांची ॲलर्जी असते. पण चाळीस घरांत माणसे दीडशेच्या वर निघतात. एका घरी सूनबाईंनी सांगितले की बाळाच्या गालावर पुरळ आले म्हणून त्यांनी आठ दिवसांतच वापर थांबविला होता. ‘‘सांगितले का नाही?’’ या आमच्या प्रश्नावर त्या नुसत्या हसल्या. ते हसू आम्ही मावशींच्या घरी पाहिलेले होते. आमच्या चिठ्ठीवर ‘लहानथोर सर्वांसाठी’ असे लिहिले होते, ते अक्षर आमचेच होते. एकतीस डब्या परत आल्या. उरलेल्या संपल्या होत्या किंवा परगावी गेल्या होत्या.

वाचकहो, कुणाच्या घरी अशी डबी असेल तर घाबरून जाण्याचे कारण नाही. पण काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सुवासिक तेल पातळ न करता थेट अंगाला लावू नये. तान्ह्या मुलाच्या आणि भेगाळलेल्या, इसबाच्या कातडीला सुवासाचे काहीच लावू नये. तिला साधे, बिनवासाचे मलमच मानवते. नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूस, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावी. एका दिवसाच्या परीक्षेने काही सिद्ध होत नाही, आणि आठवड्याच्या परीक्षेनेही कायमची हमी मिळत नाही. तेलांच्या बाटल्या घट्ट बंद करून अंधाऱ्या, थंड जागी ठेवाव्यात. जुन्या झाल्यास मोह सोडून टाकाव्यात. बाटलीवर ‘परफ्यूम’ हा एकच शब्द असेल तर त्यामागे अनेक द्रव्ये असू शकतात. ‘वास नाही’ असे लिहिलेल्या वस्तूतही कधी वास लपविण्यासाठी वास घातलेला असतो, म्हणून घटकांची यादी वाचावी. पापण्या, मान, हात यांवर खाज आणि लाली आली तर प्रथम सर्व सुवासिक वस्तू बंद कराव्यात आणि त्या पिशवीत घालून त्वचारोगतज्ज्ञांकडे न्याव्यात. ही ॲलर्जी सहसा जात नाही. कारण टाळणे हाच तिच्यावरचा उपाय.

आणि शेवटची गोष्ट, जी कुठल्याही पुस्तकात आम्हांला सापडली नाही : भेट दिलेल्या वस्तूने त्रास होत असेल तर देणाऱ्याला ते सांगावे. आणि देणाऱ्याने असे वागावे की सांगणाऱ्याला संकोच वाटू नये. मावशींनी सांगितले नाही, कारण इतकी वर्षे आमच्या चांगुलपणाविषयी शंका घेण्यास आम्हीच त्यांना जागा ठेवली नव्हती. फेब्रुवारीत त्यांनी हात पुढे केले तेव्हासुद्धा आम्ही दोष धुण्याच्या पावडरीवर टाकला, आणि त्या आमच्या समाधानासाठी मान डोलावून मोकळ्या झाल्या. प्रेमाने दिलेले निर्दोषच असते, ही समजूत नैसर्गिक ते निर्दोषच या समजुतीची सख्खी बहीण आहे.

मावशींचे हात ईस्टरनंतर हळूहळू बरे झाले. पाकळ्यांनी त्यांच्या पाठीवर काही उमटविले नव्हते म्हणून डॉक्टरांनी मोगरा सोडावयास लावला नाही, आणि त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर त्या प्रथमच रडल्या. मात्र सुवासिक साबण, तेल, पावडर त्यांना आता जन्मभर वर्ज्य आहे. गजरे करणाऱ्या बाईने स्वतः बिनवासाचे राहावयाचे, हा आमच्या भेटीचा परिणाम.

आम्ही मलम अजूनही करतो. त्यात खोबरेल आणि मेण, एवढेच. चिठ्ठीवर या दोन वस्तूंची नावे, तयार केल्याची तारीख आणि खाली एक ओळ असते : ‘खाज आल्यास वापर थांबवा आणि आम्हांला अवश्य कळवा.’ वास काही येत नाही, म्हणून ते पूर्वीसारखे हातोहात खपत नाही. गेल्या मेळाव्यात बारा डब्या उरल्या. त्यांतली एक मावशी स्वतः मागून घेऊन गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात कागदात गुंडाळलेला एक गजरा ठेवलेला होता.